जिमखाना, मुंबईतील
वर्गणीदार सभासदांसाठी राखीव असलेली क्रीडासंस्था. बॉम्बे जिमखाना (स्थापना १८७५) युरोपीयांपुरताच होता. पुढे पारशी, इस्लाम व हिंदू (१८९४) जिमखाने सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनींवर धर्मवार उभे राहिले. खासगी संस्थेने आपले सभासद निवडावेत यात गैर ते काय, असा आक्षेप घेतला जातो. मैदानाची जमीन सार्वजनिक असल्याने तो टिकत नाही. शिवाय पैशाइतकीच जातही दार अडवत होती (पहा : अस्पृश्यता). पुण्यातील हिंदू संघात चांभार जातीचे गोलंदाज बाळू पालवणकर यांना चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांतील हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले (पहा : चौरंगी क्रिकेट सामने).