दोन टोले, एक टप्पा

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राशी कोणत्या भाषेत बोलावे, याचे नियम हल्ली मोठमोठ्या बैठकांत ठरतात. आपल्या एस.टी.ने मात्र असे नियम फार पूर्वी दोरी, घंटी आणि चिमट्यावर बसवले होते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे मार्ग वाढले, आगारे वाढली. आमचे मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावरचे. गाडी कुठल्याही आगाराची असो, घंटीची बोली एकच. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. ती मराठी नाही, उर्दू नाही, निरक्षरालाही कळते. मी कविता लिहितो, पण इतकी आटोपशीर ओळ मला अजून साधलेली नाही.

भाड्याचेही तसेच. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि टप्प्यांवर भाडे. वाहकाच्या पेटीत वेगवेगळ्या किमतींच्या छापील तिकिटांचे गठ्ठे असत. भाड्याची बेरीज जुळवून तो तिकिटे फाडायचा आणि चिमट्याने भोक पाडायचा. वाटेत तपासनीस चढला, तर ते भोक पाहून त्याला प्रवास कळे. वाहकाला विचारण्याची गरज नसे. मानक म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

मग तिकिटाचे यंत्र आले. हिशेब सोपा झाला, पण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे खिशातल्या घामाने पुसट होतात. ४ मार्च २०१९ रोजी देशाचे राष्ट्रीय सामायिक वाहतूक कार्ड आले. बस असो की मेट्रो, कार्ड एकच चालावे, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो. गावोगावची कार्डे एकमेकांना ओळखणार नसतील, तर प्रवाशाच्या पाकिटात ती मावायची कशी?

मात्र खरी अडचण पैशांची नाही, सवलतीची आहे. २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.त मोफत प्रवास आहे. १७ मार्च २०२३पासून महिलांना निम्मे भाडे. आजीबाईने पदराच्या गाठीतून ओळखपत्र काढायचे, वाहकाने ते वाचायचे, मागच्यांनी ‘अहो, आटपा’ म्हणायचे. त्या सामायिक कार्डात पैशाशेजारी पास साठवायलाही जागा ठेवलेली आहे. आजीचे वय तिथे एकदाच नोंदवले, तर यंत्रालाच ते कळेल, आणि गाठ सुटेपर्यंत दोन टोले अडून राहणार नाहीत.