संगणक चुकीच्या पार्टिशनवरून का उठतो? तीन थरांचा इतिहास

आज मोडी नाही, दफ्तर नाही. आजचा विषय तुमच्या टेबलावरचा संगणक. पण प्रश्न आपल्या नेहमीचाच आहे: एकाच मजकुराच्या दोन प्रती असतील, तर आपण कोणती वाचतोय हे ठरवलं कोणी?

झालं असं. देवपुरातल्या खोलीवरच्या जुन्या संगणकात मी एसएसडी बसवून घेतली. जुन्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवली गेली आणि जुनीही आतच राहिली. तीन आठवडे निवांत लिहीत होते. मग एकदा वीज गेली, संगणक पुन्हा सुरू केला आणि दोन दिवस पहिल्या प्रकरणाच्या दुरुस्त्या केल्या. तिसऱ्या दिवशी तिसरं प्रकरण उघडलं, तर ते तीन आठवडे मागे गेलेलं! फाइल उडाली असं वाटलं. खरं तर लेखन जागच्या जागी होतं. संगणक जुन्या डिस्कवरून उठला होता, इतकंच.

हे का होतं ते समजायला थोडं मागे जाऊ. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. सोबतच्या डॉस २.० मध्ये डिस्कचे भाग पाडण्याची सोय होती, म्हणजे एकाच डिस्कवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही ठेवता येई. या भागांची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये असते: ४४६ बाइटचा छोटा प्रोग्राम, १६ बाइटची एक अशा चार नोंदी आणि शेवटी २ बाइटची खूण. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट सांगतो की हे पार्टिशन सुरू करायचं की नाही. षोडशमान पद्धतीत ८० असेल तर हो, ०० असेल तर नाही. दोन ठिकाणी ८० सापडलं, तर प्रोग्राम तक्रार करून थांबतो.

इथे एक गोष्ट नीट बघा. हा प्रोग्राम तारीख बघत नाही. कोणतं पार्टिशन नवं, कशात तुमचा प्रबंध आहे, त्याला काही माहीत नाही. तो फक्त खूण बघतो.

हा झाला एक थर. दुसरा मदरबोर्डवरचा. १९८४ च्या पीसी एटीपासून संगणकाच्या सेटिंग बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत राहू लागल्या. पुढे कोणत्या डिस्कवर आधी बघायचं हा क्रमही तिथेच आला. जुन्या मशीनची ती बॅटरी संपलेली असेल, तर वीज जाताच सेटिंग मूळपदावर येतात. माझ्याकडे झालं ते हेच.

तिसरा थर ऑपरेटिंग सिस्टीमचा. १९९३ च्या विंडोज एनटीत ‘बूट डॉट आयएनआय’ या साध्या फाइलमध्ये कितवी डिस्क, कितवं पार्टिशन असे आकडे लिहिलेले असत. डिस्कची अदलाबदल झाली की पत्ता चुकायचा. पुढे २००५ साली स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमच्या व्यवस्थेत सुरू करायच्या प्रोग्रामांची यादी मदरबोर्डवर गेली आणि पार्टिशनला स्वतःचा ओळखक्रमांक मिळाला.

मराठीत काम करणाऱ्यांना या घोळाचं आणखी एक कारण आहे. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली ती विंडोज २००० पासून. त्याआधीचा मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये आहे. त्या फाइली उघडायला जुनं विंडोज एका पार्टिशनवर जपून ठेवावं लागतं, आणि मग सुरुवातीला कोण उठणार हा प्रश्न आलाच.

आता तुमच्यावर ही वेळ आली, तर सगळ्यात आधी: काही फॉरमॅट करू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा. ज्या पार्टिशनसमोर ‘बूट’ लिहिलंय, त्यावरचं विंडोज आत्ता चालू आहे. गंमत म्हणजे सुरुवातीच्या फाइली जिथे असतात, त्याला मायक्रोसॉफ्ट ‘सिस्टीम’ म्हणतं. नावं उलटी वाटतात, म्हणून फसू नका.

दुसरी डिस्क ‘ऑफलाइन’ दिसली तरी घाबरू नका. प्रत्येक डिस्कला स्वतःची सही असते. नकलेत तीही तशीच उतरली असेल, तर विंडोज दोनपैकी एक डिस्क बाजूला ठेवतं. घाईने तिला ‘ऑनलाइन’ केलंत तर तिची सही बदलते आणि पुढे ती सुरू न होण्याची शक्यता असते. त्याऐवजी इथे बदललेल्या फाइली वेगळ्या नावाने पेनड्राइव्हवर घ्या, संगणक बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि सेटिंगमध्ये नवी डिस्क पहिली करा. बॅटरी संपली असेल तर तीही बदला, नाहीतर पुढच्या भारनियमनाला पुन्हा हेच.

यानंतरचं काम मात्र संगणक करून देत नाही. माझं तिसरं प्रकरण नव्या डिस्कवर ताजं होतं आणि पहिलं जुन्या डिस्कवर. कोणतीच प्रत पूर्ण नवी नव्हती. पांझरा ओलांडून राजवाडे मंडळात जाऊन आपण जुन्या कागदांच्या नकला ताडून बघतो, तेच घरी करावं लागलं: दोन्ही प्रती शेजारी, ओळीमागून ओळ. एक पूर्ण दिवस गेला, पण एकही दुरुस्ती गेली नाही. पहिल्याच दिवशी एक डिस्क ‘जुनी’ म्हणून पुसली असती, तर पहिल्या प्रकरणाच्या दुरुस्त्या तिच्याबरोबरच गेल्या असत्या.

आज रात्री एवढंच करा: दोन्ही पार्टिशनच्या डेस्कटॉपला वेगवेगळा रंग द्या. संगणक कुठून उठलाय, ते पहिल्या नजरेतच कळेल.