शार्ङ्गदेवाचा खंडमेरू

छत्रपती संभाजीनगरजवळचा दौलताबाद किल्ला तेराव्या शतकात देवगिरी या नावाने यादवांची राजधानी होता. दुसऱ्या सिंघणाच्या कारकिर्दीत (सुमारे १२१० ते १२४७) तिथे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या पदरी होते आणि तो स्वतः राज्याचा हिशेब सांभाळणारा वरिष्ठ अधिकारी होता. ग्रंथातली आकडेमोड वाचताना त्याचा हा पेशा पदोपदी जाणवतो.

सात स्वर एकेकदाच घेऊन क्रम बदलत गेले तर ५०४० ताना होतात. त्या ठरावीक क्रमाने मांडण्याला प्रस्तार म्हणतात. सा, रि, ग या तीन स्वरांचा प्रस्तार असा: सा रि ग, रि सा ग, सा ग रि, ग सा रि, रि ग सा, ग रि सा. पाच-सहा स्वरांपुढे सगळी यादी लिहून काढणे जिकिरीचे होते. तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. अमुक क्रमांकाची तान कोणती, हे ‘नष्ट’; दिलेली तान कितवी, हे ‘उद्दिष्ट’. दोन्हींचे उत्तर खंडमेरू या कोष्टकातून, घरांवर खडे ठेवून मिळते. पहिल्या स्तंभात १, दुसऱ्यात ०, १, तिसऱ्यात ०, २, ४, चौथ्यात ०, ६, १२, १८ असे आकडे चढत जातात. ‘ग सा रि’ घ्या. शेवटचा स्वर रि. मूळ क्रमात तो शेवटून दुसरा, म्हणून तिसऱ्या स्तंभातले दुसरे घर, २. उरलेल्या सा-ग या क्रमात सा शेवटून दुसरा, म्हणून दुसऱ्या स्तंभातला १. त्यात पहिल्या स्तंभाचा १ मिळवला की ४, आणि वरच्या यादीत ही तान चौथीच आहे. यादी न लिहिता तिच्यातली जागा सांगणारी ही रीत विलक्षण देखणी आहे.

तालाध्यायात तर याहून पुढची गोष्ट आहे. द्रुत, लघु, गुरू आणि प्लुत या तालाच्या घटकांचे माप अनुक्रमे १, २, ४ आणि ६ द्रुतांचे. मग ४ द्रुतांचा काळ किती तऱ्हांनी भरेल? एक गुरू, दोन लघू, एक लघु व दोन द्रुत यांचे तीन क्रम, नुसते चार द्रुत: एकूण ६. मोठ्या मापांसाठी मागची उत्तरेच कामी येतात. शेवटचा घटक चारांपैकी कोणता तरी असणार, म्हणून १, २, ४ आणि ६ द्रुतांनी लहान मापांच्या संख्या मिळवायच्या. त्यातून १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६० अशी माळ तयार होते.

अशा मोजणीची परंपरा पिंगलाच्या छंदशास्त्रापासूनची. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त अंकपाश हे अंकांच्या क्रमबदलांवरचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांचा नातू चांगदेव सिंघणाचाच ज्योतिषी होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त या मोजणीला व्यापक रूप दिले.

आज प्रोग्रामिंग शिकताना अक्षरमालेचे उपक्रम मोजायला सांगतात: क्रम न मोडता हवी ती अक्षरे गाळून किती वेगळ्या माळा उरतात? तिथेही आधीचे उत्तर जपून ठेवून पुढचे काढतात. प्रत्येक नव्या अक्षरागणिक संख्या दुप्पट होते. अक्षर पूर्वी आलेले असेल, तर त्याच्या मागच्या वेळेआधीची संख्या वजा करतात. ‘काका’त रिकामी माळ धरून सुरुवात १ ने, मग २, मग ४ वजा १ म्हणजे ३.