जुन्या घरगुती संगणकाचे खेळांसाठी अद्ययावतीकरण

जुन्या घरगुती संगणकाचे खेळांसाठी अद्ययावतीकरण म्हणजे वापरात असलेल्या डेस्कटॉप संगणकाचे काही निवडक भाग बदलून किंवा त्यात नवे भाग बसवून, त्यावर संगणकीय खेळ सुरळीत खेळता येतील इतकी त्याची क्षमता वाढवणे होय. संपूर्ण नवा संगणक घेण्यापेक्षा हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. मात्र भागांची परस्पर सुसंगतता न तपासता खरेदी केल्यास खर्च वाया जातो, आणि निकृष्ट वीजपुरवठ्यामुळे चालू स्थितीतील भागही निकामी होऊ शकतात. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिप सहसा मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असल्याने तेथे रॅम आणि साठवण यांपलीकडे फारसा वाव नसतो.

पार्श्वभूमी

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीची रचना खुली होती व त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी स्लॉट होते. भाग बदलण्याची परंपरा तेथून रुजली. इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स मानकामुळे कॅबिनेट, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा यांची मापे ठरून गेली. २००३ साली आलेल्या पीसीआय एक्सप्रेस मानकाच्या पुढील आवृत्त्या मागील आवृत्त्यांशी सुसंगत ठेवण्यात आल्या. त्यामुळे २०१२ सालच्या मदरबोर्डवर २०१९ सालचे ग्राफिक्स कार्ड सहसा चालू शकते. प्रोसेसरचे सॉकेट व रॅमचे प्रकार मात्र दर काही वर्षांनी बदलत गेले.

अडथळ्याचा शोध

संगणकाचा वेग त्याच्या सर्वांत मंद भागाने बांधला जातो. एकाच भागाचा वेग वाढवल्याने संपूर्ण कामाला होणारा लाभ मर्यादित असतो, हे तत्त्व जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडले. म्हणून खरेदीपूर्वी अडथळा नेमका कोठे आहे हे पाहणे आवश्यक असते. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडा ठेवून खेळ चालवल्यास पुढील अनुमाने काढता येतात:

• ग्राफिक्सचा वापर १०० टक्क्यांच्या जवळ असल्यास ग्राफिक्स कार्ड अपुरे आहे.
• ग्राफिक्सचा वापर कमी, पण प्रोसेसर पूर्ण व्यग्र असल्यास प्रोसेसर अपुरा आहे.
• रॅम भरलेली आणि डिस्क सतत व्यग्र असल्यास रॅम अपुरी आहे.

खेळाचे रिझोल्यूशन कमी करूनही चित्रचौकटींची प्रतिसेकंद संख्या वाढत नसेल, तर मर्यादा प्रोसेसरची आहे असे समजावे.

बदलण्याजोगे भाग

रॅम

डीडीआर३ (२००७), डीडीआर४ (२०१४) आणि डीडीआर५ (२०२०) या प्रकारांच्या पट्ट्यांवरील खाचा वेगवेगळ्या जागी असतात व एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. एका ८ जीबी पट्टीऐवजी ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्यास दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात. डीडीआर३-१६०० रॅमची सैद्धांतिक वहनक्षमता त्यामुळे प्रतिसेकंद १२.८ जीबीवरून २५.६ जीबी होते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो. विंडोजची ३२-बिट आवृत्ती ४ जीबीपेक्षा अधिक रॅम वापरू शकत नसल्याने रॅम वाढवताना ६४-बिट आवृत्ती असणे आवश्यक ठरते.

साठवण

हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी बसवल्यास संगणक सुरू होण्याचा व खेळ उघडण्याचा वेळ पुष्कळ घटतो. चौकटींच्या प्रतिसेकंद संख्येत मात्र तिच्यामुळे सहसा वाढ होत नाही.

ग्राफिक्स कार्ड

खेळांच्या दृष्टीने सर्वाधिक फरक सहसा या भागाने पडतो. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागल्यास वीजपुरवठा संचातून स्वतंत्र ६-पिन (७५ वॅट) किंवा ८-पिन (१५० वॅट) जोडणी द्यावी लागते. जुन्या संगणकांत अशी जोडणी अनेकदा नसते. म्हणूनच जीटीएक्स ७५० टीआय (२०१४, ६० वॅट), जीटीएक्स १०५० टीआय (२०१६, ७५ वॅट) आणि जीटीएक्स १६५० (२०१९, ७५ वॅट) ही कार्डे अशा कामासाठी लोकप्रिय झाली. यांतील काही उत्पादकांच्या कार्डांना ६-पिन जोडणी लागते, हे खरेदीपूर्वी पाहावे. आरएक्स ६४०० (२०२२) हे कार्ड स्लॉटच्या केवळ चार मार्गिका वापरते, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग घटतो. अरुंद कॅबिनेटमध्ये निम्म्या उंचीचेच कार्ड बसते.

वीजपुरवठा संच

भारतात हा भाग एसएमपीएस या नावाने ओळखला जातो. त्यावरील एकूण वॅटचा आकडा फसवा असू शकतो. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड प्रामुख्याने १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात, म्हणून त्या वाहिनीची क्षमता पाहावी. लेबलवर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिले असेल, तर तेथे मिळणारी वीज १२ × १६ म्हणजे १९२ वॅटच असते, मग वर ४५० वॅट का लिहिलेले असेना. काही कार्यालयीन संगणकांतील संचांची जोडणी एटीएक्सहून वेगळी असते. तेथे बाजारातील सर्वसाधारण संच चालत नाही. संच स्वतः कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्यातील धारित्रांत धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो.

प्रोसेसर

मदरबोर्ड न बदलता त्याच सॉकेटचा, त्या बोर्डाला चालणारा वरचा प्रोसेसर शोधणे हा स्वस्त पर्याय होय. केवळ सॉकेट जुळणे पुरेसे नसते: इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटचेच असूनही त्याच सॉकेटच्या १०० व २०० मालिकेतील बोर्डांवर अधिकृतपणे चालत नाहीत. याउलट एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या अनेक जुन्या बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिका चालते.

एक उदाहरण

२०१२ सालचा कोअर आय५-३४७० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, असा संगणक घेऊ. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ या खेळाच्या २०१५ सालच्या संगणक आवृत्तीसाठी निर्मात्यांनी शिफारस केलेल्या सामग्रीत हाच प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ६६० कार्ड यांचा समावेश होता. म्हणजे येथे प्रोसेसर बदलण्याची गरज नाही. रॅम ८ जीबी केली, एसएसडी लावली आणि ७५ वॅटमध्ये भागणारे जीटीएक्स १०५० टीआय बसवले, की त्या काळातील बहुतेक खेळ या संगणकाच्या आवाक्यात येतात.

खर्चाचा क्रम

प्रथम बिनखर्चाचे किंवा अल्पखर्चाचे उपाय करावेत: धूळ काढणे, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे, ड्रायव्हर अद्ययावत करणे आणि खेळातील चित्रदर्जा उतरवणे. एएमडीचे एफएसआर (२०२१) हे तंत्र कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवते व त्याची पहिली आवृत्ती अनेक जुन्या कार्डांवरही चालते. त्यानंतर अडथळा असेल तो भाग बदलावा. ग्राफिक्स कार्डाच्या अंदाजपत्रकात एसएमपीएसचा खर्चही धरावा.

वापरलेल्या भागांची खरेदी

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील नेहरू प्लेस आणि बंगळूरुतील एस. पी. रोड या संगणक-सामग्रीच्या परिचित बाजारपेठा आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची खनन-पद्धत बंद झाल्यावर खननासाठी वापरलेली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली. जुन्या कार्डाचे बायोस बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव देण्याचे प्रकारही आढळतात. त्यामुळे कार्ड संगणकात बसवून, जीपीयू-झेडसारख्या प्रणालीने तपासून व काही वेळ खेळ चालवून मगच पैसे द्यावेत.

मर्यादा

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. स्टीमने विंडोज ७ व ८ चा आधार जानेवारी २०२४ पासून बंद केला. काही नव्या खेळांना एव्हीएक्स२ ही आज्ञावली लागते, जी इंटेलच्या २०१३ पूर्वीच्या प्रोसेसरांत नाही. असे खेळ कितीही चांगले कार्ड लावले तरी चालत नाहीत. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिन्ही बदलण्याची वेळ आल्यास ते जवळजवळ नवा संगणक घेण्यासारखेच असते. तथापि एटीएक्स मापाचे कॅबिनेट, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड व चांगला एसएमपीएस नव्या जुळणीतही वापरता येतात. काढलेले निकामी भाग कचऱ्यात न टाकता ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे देणे अपेक्षित आहे.

हे सुद्धा पहा

• मदरबोर्ड
• ग्राफिक्स कार्ड
• ई-कचरा