मीठरांगेतील प्रॉडक्टस चुनखडक

पंजाबात झेलम आणि सिंधू या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या, आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेत पर्मियन काळातील समुद्रात साचलेले जे थर उघडे पडले आहेत, त्यांना एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिक ‘प्रॉडक्टस चुनखडक’ म्हणत. प्रॉडक्टस हा ब्रॅकिओपॉड, म्हणजे समुद्रतळावर दोन झडपांच्या कवचात राहून लोफोफोर या लवयुक्त अवयवाने पाण्यातील अन्नकण गाळून घेणारा प्राणी होय. त्याचे कवच शिंपल्यासारखे दिसत असले, तरी त्याची घडण अगदी निराळी आहे. शिंपल्याच्या झडपा प्राण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला असतात, तर ब्रॅकिओपॉडच्या पाठीकडे व पोटाकडे असतात, त्यामुळे सममितीची रेषा प्रत्येक झडपेच्या मधोमध जाते. शिंपला लवचीक बंधामुळे आपोआप उघडतो, पण ब्रॅकिओपॉडला उघडण्यासाठीही स्नायू लागत असल्याने मेल्यावर त्याचे कवच बहुधा मिटलेलेच राहते आणि जीवाश्मांत दोन्ही झडपा पुष्कळदा जोडीने सापडतात.

या थरांतील जीवाश्मांचे विस्तृत वर्णन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सेवेत राहिलेल्या विल्हेल्म वागेन यांनी ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या ग्रंथमालेत १८७९ ते १८८७ या काळात प्रसिद्ध केले, आणि एकाच शरीररचनेतून कवचाचे किती टोकाचे प्रकार निपजू शकतात हे त्यातून जितके ठसठशीतपणे दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते. प्रॉडक्टसची फुगीर खालची झडप चिखलात रुतलेली असे आणि तिच्यावरचे पोकळ काटे प्राण्याला आधार देत. कवचाची जागा सिलिकाने घेतलेले जीवाश्म आम्लाने चुनखडकातून सोडवले, की हे नाजूक काटे अखंड हाती येतात. रिश्टहोफेनिया या दुसऱ्या ब्रॅकिओपॉडची खालची झडप तर शंकूसारखी उंच होऊन वरची झडप केवळ झाकण उरली, त्यामुळे तो प्रवाळ असल्याचाही समज झाला होता.

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात यांतील बहुतेक वंश नष्ट झाले आणि समुद्रतळावर पुढे शिंपल्यांचे प्राबल्य वाढले. पर्मियन आणि त्यानंतरचा ट्रायासिक या काळांमधली सीमारेषा मात्र वाटते तितकी स्वच्छ नाही: बर्नहार्ड कुमेल आणि कुर्ट टायकर्ट यांच्या १९७० च्या अभ्यासानुसार, चुनखडकाच्या वर येणाऱ्या मियांवाली स्तरसमूहाच्या तळच्या डोलोमाइटमध्ये पर्मियन धाटणीचे काही ब्रॅकिओपॉड ट्रायासिक काळातील ॲमोनॉइड या समुद्री प्राण्यांच्या सोबतीने आढळतात, आणि ते खरोखर तगून राहिलेले होते की जुन्या थरांतून उखडून तेथे आले, हा प्रश्न त्या एका पातळ थरावर येऊन ठेपतो.