दूरध्वनीच्या नोंदी आणि शासकीय पाळत : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकणे हा आपल्याकडे वारंवार राजकीय वादाचा विषय झाला आहे. परंतु कोणी, कोणाला, केव्हा, कोठून आणि किती वेळ फोन केला याची नोंद कंपनीकडे आपोआप साठते. ती शासनाच्या हाती कशी जाते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. संभाषण आणि नोंद यांना मिळालेल्या कायदेशीर संरक्षणातील तफावत तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५ ने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. स्वातंत्र्योत्तर काळात दूरध्वनी सेवाही शासनाच्याच हाती होती. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ९१ प्रमाणे पोलीस ठाण्याचा प्रमुखही दस्तऐवज मागवू शकत असे. टपाल व तारखात्याच्या ताब्यातील कागदांसाठी मात्र कलम ९२ अन्वये जिल्हा दंडाधिकारी वा न्यायालयाचा आदेश लागे. १९९५ मध्ये खासगी मोबाइल सेवा सुरू झाली आणि नागरिक व शासन यांच्यामध्ये कंपनी आली. ही कंपनी तारखात्यात मोडते काय, हा प्रश्न १९७३ च्या कायदेकारांसमोर नव्हता.

संभाषणाचे संरक्षण :
आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७२) या मुंबईतील लाचप्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ रोजी निर्णय देताना न्यायालयाने गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत व आढावा समिती हे निर्बंध घातले. महाराष्ट्राच्या 'मकोका' (१९९९) मधील संभाषण अडविण्याची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात मात्र मुंबई उच्च न्यायालयाने टॅपिंगचे आदेश रद्द करून मिळविलेले संभाषण नष्ट करावयास सांगितले. तात्पर्य, बोललेल्या शब्दाभोवती अपुरे का होईना, कुंपण उभे राहिले.

नोंदींचा प्रश्न :
नोंदींबाबत असे घडले नाही. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना त्या एक वर्ष जपाव्या लागत. डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत दोन वर्षे झाली. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा नोंदींची बेकायदा विक्री उघडकीस आणली. त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. २०२० मध्ये दूरसंचार विभागाने काही राज्यांतील सर्वच ग्राहकांच्या ठराविक दिवसांच्या नोंदी मागविल्याबद्दल कंपन्यांच्या संघटनेने लेखी हरकत घेतली. येथे संशयित व्यक्तीचा प्रश्नच उरला नव्हता. अमेरिकेत १९७९ मध्ये फिरविलेल्या क्रमांकांना संरक्षण नाकारणाऱ्या न्यायालयाने २०१८ मध्ये मोबाइलच्या ठिकाणनोंदींसाठी सामान्यतः वॉरंट आवश्यक ठरविले. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक संदेशवहनाचा उल्लेख आला. मागणीचा अधिकार मात्र न्यायालयाबरोबर ठाणेप्रमुखाकडेही राहिला.

निष्कर्ष :
२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यांत स्वतंत्र निकालपत्र लिहिणारे न्या. शरद बोबडे हे नागपूरचे आणि येथील खंडपीठात वकिली केलेले, ही आपल्या शहराच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय. त्या निर्णयाचा अर्थ नोंदींपर्यंत पोहोचणे अद्याप बाकी आहे. एखाद्या प्राध्यापकाने आठवडाभरात वकिलाला, कर्करोग रुग्णालयाला आणि पत्रकाराला केलेल्या फोनची यादी पाहिली, तर त्याचा एकही शब्द न ऐकता त्याचे आयुष्य वाचता येते. म्हणून नोंद मागण्यापूर्वीही न्यायिक आदेशाची अट असावी, असे या इतिहासावरून म्हणावेसे वाटते.