हेन्री मार्टिन आणि त्याचे मुन्शी

उर्दूच्या तासाला फोर्ट विल्यम कॉलेजचा धडा आला की मुलांना मी दोन नावे पाठ करून घेते. एक जॉन गिलख्रिस्ट आणि दुसरे मीर अम्मन. कलकत्त्यात १८०० साली हे कॉलेज निघाले. कंपनीच्या तरुण साहेबांना देशी भाषा शिकवण्यासाठी तिथे मुन्शी आणि पंडित नेमले गेले, आणि त्यांच्या हातून सोपे उर्दू गद्य घडले, एवढे सांगितले की धडा संपतो. मागे एका मुलीने विचारले, "मॅडम, मुन्शी लोग पढाते थे तो साहब लोग उनके शागिर्द हुए ना?" प्रश्न साधा होता. पण आपण इतिहास वाचतो तो साहेबांचा. शागिर्द कोण आणि उस्ताद कोण, हे उलटून पाहण्याची सवय आपल्याला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी हेन्री मार्टिनपाशी येऊन थांबले. हा इंग्रज पाद्री उर्दू आणि फारसी बायबलच्या इतिहासात मोठा मानला जातो. आपल्या लोकांत त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. घेतले तरी 'आपला धर्म बुडवायला आलेला' असे म्हणून पान उलटले जाते. तो धर्मप्रसारासाठीच आला होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्याच्या हिंदुस्थानातल्या पहिल्या काही आठवड्यांचा इतिहास वाचताना मला त्याच्याइतकेच त्याच्या समोर बसलेले मुन्शी दिसू लागले. हा लेख त्या दोघांविषयी आहे.

हेन्री मार्टिनचा जन्म १८ फेब्रुवारी १७८१ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल प्रांतात ट्रूरो गावी झाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात तो शिकला. १८०१ साली गणिताच्या परीक्षेत तो विद्यापीठात पहिला आला. त्या काळी इंग्लंडात यापेक्षा मोठा मान विद्यार्थ्याला नव्हता. पुढे वकिली, प्राध्यापकी, जे हवे ते मिळाले असते. पण चार्ल्स सिमियन या धर्मोपदेशकाच्या सहवासात त्याचे मन पालटले आणि त्याने परदेशी धर्मप्रसाराला जायचे ठरवले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माला हात लावला तर लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही तिची भीती. १८१३ च्या सनदेपर्यंत मिशनऱ्यांना हिंदुस्थानात उघडपणे येण्याची मुभा नव्हती. म्हणून मार्टिन कंपनीचा चॅपलेन, म्हणजे गोऱ्या शिपायांचा आणि अधिकाऱ्यांचा पगारी पाद्री म्हणून आला. जुलै १८०५ मध्ये 'युनियन' जहाजाने तो पोर्ट्समथहून निघाला. वाटेत ब्राझीलचा किनारा लागला. मग केप ऑफ गुड होप. जानेवारी १८०६ मध्ये इंग्रजांनी केपचा मुलूख डचांकडून जिंकला, ती लढाई संपल्यावर तो रणांगणावर जखमी माणसांत फिरला. आपल्या देशाने दूरदेशी तोफा पाठवून मोठे होण्यापेक्षा धर्मोपदेशक पाठवून मोठे व्हावे, असे त्याला तिथे वाटले. एप्रिलमध्ये मद्रास आणि मे १८०६ च्या मध्यास कलकत्ता. घर सोडून दहा महिने झाले होते आणि वय होते पंचवीस.

कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीकाठी श्रीरामपूर हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. कंपनीचा हुकूम तिथे चालत नसल्यामुळे विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी तिथे छापखाना थाटला होता. आपण मराठी वाचकांनी हे नाव विसरता कामा नये. केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले, १८१० मध्ये त्याचा मराठी कोश आला, आणि या कामी त्याच्यापाशी वैजनाथ पंडित होते. केरीचे नाव आपल्याला ठाऊक असते, वैजनाथांचे नाव अभ्यासकांपुरते राहते. तीच गोष्ट उर्दूची.

श्रीरामपूरजवळच 'आल्डीन' नावाच्या घरात डेव्हिड ब्राउन हा कंपनीचा ज्येष्ठ चॅपलेन राहत असे. त्याने मार्टिनला आपल्याकडे उतरवून घेतले. घराच्या आवारात नदीकाठी राधावल्लभाचे एक जुने, सोडलेले देऊळ होते. नदी जवळ सरकल्यामुळे मूर्ती दुसरीकडे नेली होती. त्या रिकाम्या देवळात मार्टिनची खोली झाली. केंब्रिजचा पहिला आलेला विद्यार्थी हिंदूंच्या पडक्या देवळात बसून, मुसलमान मुन्शींकडून बोलीचे धडे घेतो आहे! हिंदुस्थान म्हणजे काय, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळायला हवे होते.

पण ते कळणे सोपे नव्हते. आल्याबरोबर त्याला तापाने गाठले. उन्हाळ्याचे अखेरचे दिवस, मग पाऊस. रात्री नदीपलीकडून ढोल आणि झांजा ऐकू येत. देवळांतली पूजा पाहून तो हादरून जाई आणि रोजनिशीत कठोर शब्द लिही. आपण आज ते वाचले तर त्याच्या उतावळेपणाचा राग येतो. ज्या लोकांची भाषा अजून त्याला येत नव्हती, त्यांच्या अंतःकरणाचा निकाल तो देऊन बसला होता. कलकत्त्यात तो प्रवचने देऊ लागला तेव्हा तिथल्याच काही गोऱ्या पाद्र्यांनी चर्चच्या व्यासपीठावरून त्याच्या शिकवणुकीवर टीका केली. म्हणजे ज्यांच्यासाठी आला त्यांना तो परका, आणि ज्यांच्यातला होता त्यांनाही नकोसा.

त्यातच जुलै १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचा उठाव झाला. नवी पगडी, दाढी-मिशांवरचे आणि कपाळावरच्या गंधावरचे निर्बंध, यांमुळे आपला धर्म जाणार असे हिंदू आणि मुसलमान दोन्ही शिपायांना वाटले. टिपू सुलतानाचे कुटुंबीय त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते. बातमी कलकत्त्याला पोचली आणि सरकार सावध झाले. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांना कंपनीच्या हद्दीत प्रचार करण्यास अटकाव करण्यात आला. मार्टिन पगारी चॅपलेन म्हणून वाचला, पण आपण इथे कोणत्या आगीजवळ उभे आहोत, हे त्यालाही कळले असावे.

एकटेपणाची आणखी एक बाजू होती. कॉर्नवॉलमध्ये लिडिया ग्रेनफेल नावाच्या मुलीवर त्याचा जीव होता. ३० जुलै १८०६ रोजी श्रीरामपुराहून त्याने तिला पत्र लिहिले, की इकडे ये, आपण लग्न करू. तिचा नकार त्याच्या हाती पडला तो ऑक्टोबर १८०७ मध्ये. एका उत्तरासाठी सव्वा वर्ष वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरचे पुरुष आखातात कमावायला गेले आणि ज्यांच्या आई-आजींनी टपालाची वाट पाहिली, त्या कोकणातल्या आपल्या घरांना समजावून सांगायला नको.

अशा दिवसांत त्याचा रोजचा आधार काय होता? मुन्शींबरोबरचा तास. सकाळी पुस्तक उघडायचे, उच्चार दुरुस्त करून घ्यायचे, वाक्य लिहायचे, ते खोडले गेलेले पाहायचे. मी स्वतः कोकणातली. घरात आमची कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. शिक्षणसेवक म्हणून मराठवाड्यात पहिली नेमणूक झाली तेव्हा वर्गातल्या मुलांची दखनी माझ्या कानाला लागेना आणि माझी किताबी उर्दू त्यांना कळेना. "नको", "हौ", "कायकू" ऐकून मी सुरुवातीला चुका काढत बसले. महिन्याभराने उमगले की चूक माझी होती. म्हणून मार्टिनचे ते दिवस मला परके वाटत नाहीत.

ऑक्टोबर १८०६ मध्ये तो पाटण्याजवळच्या दानापूर छावणीतल्या नेमणुकीवर निघाला. बजरा नावाच्या घरवजा नावेतून गंगेने वर जायला सहा आठवडे लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस तो पोचला. सोबत मुन्शी होते. नाव चालत असता तो त्यांच्याबरोबर इंजिलमधल्या दाखल्यांचे भाषांतर करी, संध्याकाळी काठावर उतरून गावकऱ्यांशी बोलण्याचा प्रयत्न करी. आणि इथे त्याची सगळी घमेंड उतरली. कलकत्त्यात शिकलेले शब्द बिहारच्या काठावर लोकांना कळेनात. दर चार कोसांवर भाषा बदलते, असे त्याला सांगण्यात आले. तो अगदी खचला. मग भाषांतर करायचे तरी कोणत्या भाषेत? आपल्याकडे बारा कोसांची म्हण आहे, त्याच्या वाट्याला चारच कोस आले!

पाटण्याच्या रस्त्यांतून तो पालखीत बसून जाई, तेव्हा लोक रागाने आणि तिरस्काराने पाहत. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. प्लासीला अजून पन्नास वर्षे झाली नव्हती, बक्सरला चाळीसच. बंगाल-बिहारची दिवाणी गेली, अमीर-उमराव धुळीला मिळाले, आणि आता पालखीतून गोरा पाद्री फिरतो आहे. लोकांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहावे तरी का? मार्टिन मनाने सज्जन होता, पण त्याच्यामागे पलटण उभी होती. मिशनऱ्यांचा इतिहास लिहिताना त्यांचे चाहते ही पलटण विसरतात, आणि आपण फक्त पलटणच पाहतो आणि माणूस विसरतो.

दानापूरला त्याने स्वतःच्या खर्चाने मुलांसाठी शाळा काढल्या. मुलांना ख्रिस्ती करतील, अशी अफवा लगेच उठली. म्हणून त्याने सुरुवातीला धर्माची पुस्तके बाजूला ठेवली. लिहिणे-वाचणे आधी, असे त्याने ठरवले. पहिल्या आठवड्यांतला उतावळा तरुण इथे थोडा शिकलेला दिसतो.

मार्च १८०८ पर्यंत नव्या कराराचे उर्दू भाषांतर त्याने पुरे केले. या कामात त्याला बनारसचे मिर्झा फितरत यांची मदत झाली. फितरत हे काही नवशिके नव्हते. १८०५ साली फोर्ट विल्यम कॉलेजने काढलेल्या उर्दू इंजिलच्या कामातही त्यांचा हात होता. हा काळ आपण ध्यानात घ्यावा. दिल्लीत शाह वलीउल्लाह यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी कुरआन शरीफचा उर्दू तर्जुमा थोडा आधीच केला होता. मीर अम्मन यांची 'बाग-ओ-बहार' १८०४ मध्ये छापून आली होती. उर्दू गद्य तेव्हा पाळण्यात होते, आणि अल्लाहचे कलाम सामान्य माणसाच्या बोलीत कसे सांगावे, हा प्रश्न मुसलमान आलिमांपुढे होता तसाच या पाद्र्यापुढेही होता.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. १८०९ मध्ये त्याची कानपूरला बदली झाली. क्षयाने पोखरलेल्या अंगाने तो १८११ च्या आरंभी इराणला जायला निघाला. वाटेत मुंबईला उतरला, तो नेमका त्याचा तिसावा वाढदिवस होता. मुंबईत फिरोज नावाच्या विद्वान पारशाशी त्याच्या गप्पा झाल्या. शिराझमध्ये मिर्झा सय्यद अली यांच्या साहाय्याने फारसी भाषांतर झाले. तिथल्या आलिमांनी त्याच्याशी वाद घातले. मिर्झा इब्राहीम यांनी त्याच्या मतांविरुद्ध अरबीत रिसाला लिहिला, मार्टिनने फारसीत उत्तर दिले.  तो त्यांच्याच शहरात, एका मुसलमानाच्या घरी, पाहुणा होता. १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा गाजलेला मुनाझरा झाला, त्याआधीची ही परंपरा आहे. १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातल्या तोकात गावी मार्टिन वारला. वय एकतीस.

त्याचे उर्दू पुस्तक १८१४ साली श्रीरामपूरला छापून निघाले. त्याच्या पहिल्या पानावर मार्टिनच्या नावाखाली लिहिले आहे की मिर्झा फितरत आणि 'इतर विद्वान नेटिव्ह' यांच्या मदतीने हे काळजीपूर्वक तपासले. मिर्झांचे नाव आले. बाकीचे 'इतर' राहिले. हुगळीकाठच्या देवळात तापाने फणफणलेल्या पोराला 'क' आणि 'क़ाफ' यांतला फरक समजावणारे, त्याचा धर्म न स्वीकारता त्याला आपली जबान देणारे उस्ताद त्या 'इतर' मध्ये गेले.

त्यांना पगार मिळत होता, हे खरे. पण पगार मलाही मिळतो, आणि तेवढ्यासाठीच मी शिकवते असे कोणी म्हटले तर मला ते आवडणार नाही. ज्याच्या पाठीशी राज्य आहे, जो आपला दीन बदलायला आला आहे, त्यालाही आपली भाषा नीट शिकवावी, ही गोष्ट लहान नाही. त्यांचा आपल्या ईमानावर विश्वास होता, म्हणून त्यांना वाद घालण्याची आणि शिकवण्याची भीती वाटली नाही. आज आपण आपल्याच मुलांना मराठी नीट शिकवताना कचरतो, दुसऱ्यांच्या मुलांना उर्दू शिकवण्याचा विचारही करत नाही, आणि दोन्हीकडून तक्रार करतो की आपल्याला कोणी समजून घेत नाही.

त्या मुलीला मी वर्गात उत्तर दिले, "हाँ बेटा, साहब शागिर्द थे." तिने लगेच विचारले, "फिर उस्तादों के नाम किताब में क्यों नहीं?" आता फोर्ट विल्यमचा धडा आला की फळ्यावर मी मिर्झा फितरत यांचेही नाव लिहिते, त्याखाली वैजनाथ पंडितांचे, आणि त्याखाली एक ओळ रिकामी ठेवते.